छप्पर, संगणक आणि एक शून्य

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. याचा अर्थ एवढाच, की इंग्रजीत काही लिहायचे असले की सगळे माझ्याकडे बघतात. दोन पावसाळ्यांपूर्वी कौलांतून पाणी थेट कादंबऱ्यांच्या कपाटावर आले. बेळगावचा पाऊस वाचकांना सांगायला नको. बैठक झाली आणि एखाद्या मोठ्या प्रतिष्ठानाकडे मदत मागायचे ठरले.

प्रतिष्ठाने छपराला पैसे देत नाहीत, मुलांच्या शिक्षणाला देतात, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितले. झाले! अर्जातून छप्पर गेले आणि चार संगणक आले. लाभार्थींच्या रकान्यात मी १५० मुले लिहिली. आमच्याकडे रविवारी गोष्टी ऐकायला येतात बारा-पंधरा. पुढचे शून्य माझ्याच हातून पडले, आणि बैठकीत अर्ज वाचला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

महिन्याभराने प्रतिष्ठानाकडून फोन आला. बाई फार सौजन्याने बोलल्या. "सर, मुलांचं हजेरीपत्रक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद पाठवा." हजेरीपत्रक नव्हतेच. वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला हे सांगताना काय वाटले असेल, ते आपण समजू शकाल.

ताळेबंदांचे तर महाभारत झाले. आमचे खजिनदार अण्णा वर्गणीचा हिशोब लाल वहीत लिहितात, पैन् पैचा. लेखापरीक्षकाकडे वह्या न्यायच्या म्हटल्यावर ते उठूनच गेले. "सर, चाळीस वर्षं मी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. आता परक्यानं येऊन तपासायचं?" त्यांची समजूत घालायला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी उपयोगी पडले ते एकच वाक्य : उद्या तुमच्यामागे या वह्या कोणाला कळणार? त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग वह्यांचे गाठोडे स्वतःच घेऊन आले.

या निमित्ताने कळले ते इतर मंडळांसाठी सांगतो. १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकांकडे द्यायचे असतात. आम्ही ते कित्येक वर्षे दिलेच नव्हते. आयकराची नोंदणी आणि देणगीदाराला सूट मिळवून देणारी, '८०जी' म्हणून सर्वांना माहीत असलेली नोंदणी, या दोन्ही २०२१ पासून ठरावीक मुदतीच्या झाल्या. जुने प्रमाणपत्र चौकटीत लावून भागत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा हवा, तर त्याच वर्षापासून 'सीएसआर-१' हा अर्ज भरून वेगळी नोंदणीही करावी लागते. आणि उद्यमबागेतल्या प्रत्येक फाउंड्रीवाल्याच्या मागे सीएसआर म्हणून लागू नये. २०१३ च्या कायद्याचे ते बंधन ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना आहे. छोटा कारखानदार देईल ती साधी देणगी, आणि ती पुष्कळदा लवकर मिळते.

वाचनालयांसाठी म्हणूनच १९७२ साली स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान कोलकात्यात आहे, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली. पुस्तके, कपाटे, इमारत यांसाठी त्याच्या योजना आहेत. म्हणजे छपरासाठी अर्ज करायला जागा होती. आम्हीच विचारले नाही. तिथे जाणारा कागद मात्र राज्याच्या ग्रंथालय खात्याच्या वाटेने जातो. आमची इतिवृत्ते सगळी मराठीत, खात्याला कन्नड हवे, इतरांना इंग्रजी. तेवढे भाषांतर मंडळाने अंगावर घ्यावेच लागते. माझ्या दिवाळीच्या सुट्टीतले दहा दिवस त्यात गेले. १९८० च्या दशकातल्या एका सभेत अध्यक्षांच्या चहाच्या खर्चावर दीड पान भांडण आहे, त्याला इंग्रजीत नेताना हात जड झाला, एवढे कबूल करतो.

यंदा नवा अर्ज गेला. त्यात संगणक नाहीत. कौले, वासे आणि दोन लोखंडी कपाटे आहेत, सुताराचे आणि दुकानदाराचे दरपत्रक जोडून. मुलांची संख्या १४, हजेरीपत्रकासह. हजेरी आता अण्णाच घेतात, लाल वहीत.

उत्तर अजून आलेले नाही. कादंबऱ्यांच्या कपाटावर प्लॅस्टिकचा कागद बांधून ठेवला आहे.