सत्यप्रतीसाठी मूळ फाडू नये

अलीकडे आपल्या मंडळींत एक घातक मत रूढ होऊ पाहत आहे. जुन्या मराठी पुस्तकाचा कणा कापावा, पाने सुटी करून स्कॅनरमध्ये घालावीत आणि उरलेला कागद रद्दीत द्यावा. बदलीच्या वेळचे ओझे कमी होते आणि ग्रंथही वाचतो, असा या मताचा दुहेरी दावा आहे. त्यातील पहिला खरा आहे. दुसरा साफ खोटा आहे.

ज्यांचा जन्म फायलींत गेला त्यांनी तरी असे म्हणू नये. मुळाशी ताडून पाहता येते, म्हणूनच सत्यप्रतीला किंमत असते. यंत्रातून दोन पाने एकदम सरकली, आतल्या समासाची अक्षरे पात्याखाली गेली, अनुस्वार पुसट उमटला, हे सारे मागाहून ध्यानात येते. बांधलेले पुस्तक तेव्हा पुन्हा उघडता येते. रद्दीत गेलेले कोठून आणणार?

यावर प्रतिपक्ष म्हणतो, की लाकडाच्या लगद्याचा जुना कागद आम्लामुळे ठिसूळ होतो; तो असाही मरणारच. कारण खरे, पण निष्कर्ष उलटा. ठिसूळ कागद कमी आणि हळुवारपणे हाताळावा, एवढेच त्यातून निघते. रुग्ण अशक्त आहे म्हणून त्याला लवकर स्मशानात न्या, असे कोणताही वैद्य सांगत नाही.

साधनांची सबबही टिकत नाही. पुस्तक पालथे घालून काचेवर दाबणारा स्कॅनर टाळावा. त्याने कणा मोडतो. दोन पुठ्ठे काटकोनात जोडून पाळणा करावा, त्यात पुस्तक अर्धेच उघडून ठेवावे. पानावर कडा घासलेली स्वच्छ काच अलगद टेकवावी आणि मोबाइल पानाशी समांतर, स्थिर बसवावा. आधी सर्व उजवी पृष्ठे, मग डावी. खिडकीचा सौम्य उजेड पुरतो, फ्लॅश नको. हात धुऊन कोरडे करावेत. फाटक्या पानाला चिकटपट्टी कदापि लावू नये. पाच इंच रुंद आणि साडेसात इंच उंच पानाला इंचामागे ३०० बिंदू धरले, तर सुमारे ३४ लाख बिंदू लागतात. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा १ कोटी २० लाख देतो. मिनिटाला दोन पृष्ठे धरली, तरी दोनशे पृष्ठांचे पुस्तक दोन तासांच्या आत उतरते.

प्रत सर्वांस खुली करताना कायदा पाहावा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१० च्या अखेरीस मुक्त झाले. नव्या प्रस्तावना आणि टीपा यांचा हक्क मात्र निराळा.

हे काम संस्थांचे आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. सयाजी साहित्यमालेची मराठी पुस्तके बडोद्याहून निघाली. महाराष्ट्राबाहेर निघालेली अशी पुस्तके महाराष्ट्राबाहेरच्या घरांतही असणार, आणि त्या घरांत आपण राहतो. तेव्हा बदलीचा पुढचा हुकूम येण्यापूर्वी प्रत्येकाने एक तरी पुस्तक असे उतरवून घ्यावे, आणि मूळ पुस्तक ट्रंकेत सर्वांत वर, वजन पडणार नाही असे ठेवावे.