पैशांची शाळा : बाबांचे तीन हजार गेले कुठे?

आमच्या तळोज्यात मोठी एमआयडीसी आहे. कारखान्यांतली पाइप रंगवणे, टाक्या रंगवणे अशी कामे छोटे कंत्राटदार घेतात. समजा, एका बाबांनी २०२५-२६ या वर्षात एका कंपनीचे तीन लाखांचे काम केले. हातात मात्र पडले दोन लाख सत्त्याण्णव हजार! झाली ना घरात कुजबुज, "तीन हजार कुणी खाल्ले?"

कुणीच नाही. कंपनीने बिलातून एक टक्का कापून बाबांच्या नावे सरकारकडे भरला. याला म्हणतात टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापलेला प्राप्तिकर. (हिंदीत त्यालाच आयकर म्हणतात, घाबरू नका!) बाबांची वर्षाची खरी कमाई किती, हे कंपनीला कुठून कळणार? म्हणून आधी कापायचे, हिशेब मागाहून.

तो हिशेब आपण करू या. तीन लाख ही झाली उलाढाल. तिच्यातून रंग, ब्रश, टेम्पोचे भाडे, मदतनिसांची मजुरी वजा केली आणि उरले, समजा, एक लाख ऐंशी हजार. हे बाबांचे उत्पन्न. कर लागतो तो यावर, तीन लाखांवर नव्हे. आणि २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. म्हणजे देणे शून्य आणि भरलेत तीन हजार!

हे पैसे परत मिळतात. त्याला परतावा म्हणतात. पण त्यासाठी मुदतीत विवरणपत्र, म्हणजे आपण ज्याला 'रिटर्न' म्हणतो ते, भरावे लागते. "आपल्याला कुठे कर लागतो?" म्हणून गप्प बसलात, तर पैसे तिकडेच राहतात.

आणि हो, पॅन! कापलेला कर या दहा अक्षर-अंकांच्या क्रमांकावरच जमा होतो. त्यातले चौथे अक्षर 'पी' असेल तर तो व्यक्तीचा पॅन, आणि पाचवे अक्षर बहुतेकदा आडनावाचे पहिले अक्षर. घरचे कार्ड बघून पडताळा बरं! कंपनीला पॅन दिलाच नाही, तर एका टक्क्याऐवजी वीस टक्के कापतात. तीन लाखांचे किती होतात, ते आई-बाबांना तोंडी करून दाखवा.

आता वहीत सोडवा : बिल २,४०,००० रुपये, खर्च १,१०,००० रुपये, टीडीएस एक टक्का, दुसरी कमाई नाही. उत्पन्न किती? परतावा किती? उत्तर पुढच्या अंकात.