गिर्यारोहकाची शेगडी

पाठीवरचा भार कमी व्हावा म्हणून अवघ्या 25 ग्रॅम वजनाची बीआरएस-3000टी ही शेगडी पसंत करणाऱ्यांचा हेतू रास्त असला, तरी सह्याद्रीच्या उघड्या माथ्यावर भणाणणाऱ्या वाऱ्यात तिची ज्योत भांड्याखालून निसटते आणि पाण्याला आधण येईपर्यंत डब्यातील गॅस व्यर्थ खर्ची पडतो. म्हणून, बर्नरवरच वाऱ्याला अटकाव करणारी पट्टी असलेल्या 73 ग्रॅमच्या पॉकेटरॉकेट 2 या शेगडीलाच माझा निःसंदिग्ध कौल आहे. हिमालयातील मुक्कामी मात्र शेगडीहून इंधनाची पारख अधिक निकडीची, कारण ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश, तर आयसोब्युटेनचा सुमारे उणे 12 अंश सेल्सिअस असतो; म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत ब्युटेनची वाफ होत नाही, तिथे आयसोब्युटेनच कामी येतो. रिकामा डबा गडावर न टाकता परत आणावा, ही कळकळीची विनंती.