नव्या रिमोटआधी नवा सेल

गाडीचा रिमोट पूर्वी सोसायटीच्या गेटपासून चालायचा, आता पार बॉनेटशी जाऊन दाबावा लागतो, अशी तक्रार घेऊन लोक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि नवी सिक्युरिटी सिस्टीमच बसवून येतात. विनंती एवढीच, की पाकीट काढण्याआधी कपाटात पडलेला दुसरा रिमोट शोधा. गाडी मोकळ्या जागी उभी करा आणि दोन्ही रिमोट एकाच ठिकाणाहून दाबून बघा. एकच कमी पडला तर दोष त्या रिमोटचा. दोन्हींत नवे सेल घालूनही फरक पडला नाही, तर दोष गाडीकडचा.

पहिला संशय सेलवरच घ्यावा. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. बाहेरून बसवलेल्या जुन्या सिस्टीममध्ये १२ व्होल्टचा छोटा, नळीसारखा सेलही सापडतो. म्हणून जुना सेल दाखवूनच नवा घ्या. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. नुसता मोजला तर थकलेला सेलही बरा आकडा दाखवतो आणि बटण दाबताच मान टाकतो. रिमोट उघडलाच आहे तर आतल्या पत्र्याच्या पट्ट्याही बघा. पावसात भिजलेल्या रिमोटमध्ये त्यांच्यावर हिरवट थर धरलेला असतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसा. पट्टी दबली असेल तर अलगद वर उचला. आणि काढलेला सेल टीपॉयवर ठेवून उठू नका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. तसं झालंच तर थेट रुग्णालय गाठा.

गाडीकडचा दोष मात्र जरा आत दडलेला असतो. बाहेरून बसवलेल्या सिस्टीमच्या डब्यातून बहुधा एक बारीक सुटी वायर निघते. ती कुठेच जोडलेली नसते, कारण तीच अँटेना. घाईत काम उरकणारा कारागीर तिची गुंडाळी करतो आणि डॅशबोर्डखाली बाकीच्या वायरिंगबरोबर टाय मारून बांधून टाकतो. चारी बाजूंनी पत्रा आणि वायरी, मग तिला ऐकू काय येणार? ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगून ती सोडवून घ्या, सरळ करा आणि पत्र्यापासून दूर, पुढच्या काचेच्या जवळ वर घ्यायला लावा. फक्त एअरबॅगच्या वाटेत येऊ देऊ नका. ती कापू नका, जोड देऊन लांबवूही नका. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झच्या रिमोटसाठी अशी वायर साधारण १७ सेंटीमीटरची असते. ते माप लहरीच्या लांबीच्या पावपटीचं आहे, उरलासुरला तुकडा नव्हे. कंपनीतूनच सिस्टीम आली असेल तर डॅशबोर्ड उघडायच्या फंदात पडू नका, वॉरंटीवरून वाद होतो.

दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी. काचेला आतून लावलेला चंदेरी सनशेड आणि धातूचा थर असलेली फिल्म, दोन्ही लहरी अडवतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटातला स्वस्त मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅमही खरखर पसरवतो. एकेक काढून रिमोट दाबून बघा, चोर सापडेल.

घाईच्या वेळी रिमोट कमरेशी धरण्याऐवजी डोक्याच्या उंचीवर धरा, किंवा हनुवटीला टेकवून दाबा. लोक हसतील, पण बरेचदा चार पावलं जास्त मिळतात. बेसमेंटमध्ये आरसीसीच्या खांबांपुढे मात्र हा उपायही लंगडा पडतो.

बूस्टर बसवून देतो म्हणणाऱ्याला मी तरी नकोच म्हणेन. रिमोटच्या लहरींच्या या विनापरवाना वापराच्या पट्ट्यात किती ताकदीनं प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे. शिवाय गाडी नजरेआड असताना लॉक करून करायचं काय? जॅमर घेऊन उभा असलेला चोर रिमोटची लहर दाबून टाकतो, आणि आपण लॉक झालं असं समजून निघून जातो. तेव्हा पंधरा-वीस पावलांवरून रिमोट चालत असेल तर पुरे समजा. गाडीपाशीच उभं राहून बटण दाबा, इंडिकेटर लुकलुकले का बघा, आणि दाराचं हँडल एकदा ओढून मगच निघा.