नाग नदीकाठचा तास

तिसरीच्या ‘परिसर अभ्यास’ची पुस्तके जिल्हावार काढण्याची बालभारतीची कल्पना मुळात शहाणपणाची. नागपूरच्या मुलाच्या हाती नागपूर जिल्ह्याचेच पुस्तक पडते. पण वर्गात त्याचेही होते ते इतर पुस्तकांसारखेच. नदीचा उगम, तिच्या उपनद्या, जिल्ह्यातील पिके ही सारी माहिती फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत उतरते. शाळेमागून वाहणाऱ्या नाग नदीकडे नाक दाबून बघायचे, एवढाच काय तो तिचा परिचय.

या नदीने स्वतःची ओळख २०२३ मध्ये करून दिली. २२ सप्टेंबरच्या रात्री अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटेपर्यंत काठच्या वस्त्यांत, मोरभवन बसस्थानकात पाणी शिरले. माणसे दगावली. त्या रात्री काय घडले, हे चौथीच्या मुलाला समजण्यासारखे आहे: तलाव उंचावर, वस्ती उतारावर, पात्र आक्रसलेले आणि जमिनीवर पाणी मुरायला जागाच नाही. उतार, पाणलोट, अतिक्रमण हे शब्द त्याला अंबाझरीच्या सांडव्यापाशी उभे करून सांगितले, तर पाठ करावे लागणार नाहीत.

नागपूरच्या शिक्षकाला भूगोलासाठी लांब जायचे कारणच नाही. शून्य मैलाचा दगड आहेच. तो भारताचा बरोबर मध्यबिंदू, ही समजूत मुलांनी तिथेच नकाशा उघडून तपासून पाहावी; शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, हे कसे मोजतात हेही विचारावे. शहराच्या पश्चिमेला लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. दोन्ही बाजूंची माती बाटलीत भरून आणली की पाठ अर्धा झाला. घरचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानमधून येते. सांडपाणी नागमधून पुढे कन्हानला, तिथून वैनगंगेला, गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. नागपूरकराने सोडलेले पाणी भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते, ही गोष्ट नकाशावर बोट फिरवत कळली तर पर्यावरण दिनाच्या घोषणा-फलकांची गरज कमी होईल.

सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाचा आदेश १९९१ मध्येच दिला. त्यानंतर पुस्तके बदलली, वेळापत्रक मात्र तेच राहिले. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण ही कामे शिक्षण हक्क कायद्यानेच त्याच्यावर टाकता येतात. त्यात चाळीस मुले रस्त्यावर नेण्याची जबाबदारी एकट्याने कोण घेईल? महापालिकेने सहलीसाठी बस आणि सोबतीला एक जास्तीचा माणूस द्यावा. पर्यावरण अभियांत्रिकीची ‘नीरी’ आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहेत. महिन्यातून एक दिवस त्यांनी प्राथमिकच्या मुलांसाठी दारे उघडावीत. आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही, काठावर जाऊनच लिहावे लागेल.