जनुके कल दाखवतात, भवितव्य नव्हे

रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. हा आवर सैल झाला की काय होते, याचे गंभीर उदाहरण म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. या विकारात प्रतिकारक पेशी मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला चढवतात. ऐन तारुण्यात दृष्टी अंधुक होते, हातपाय बधिर होतात, तोल जातो. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते.

हा विकार कोणाला जडणार, हे जनुके ठरवतात का? अंशतःच. एचएलए जनुकसमूहाशी त्याचे असलेले नाते १९७० च्या दशकातच उघड झाले होते. या समूहातील डीआरबी१*१५:०१ हा प्रकार धोका सुमारे तिप्पट करतो. २००७ मध्ये आयएल२आरए या जनुकाचाही संबंध आढळला. साकागुचींनी १९९५ मध्ये नियामक पेशी ओळखल्या, त्या याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या खुणेवरून. २०१९ पर्यंत अशा जनुकीय बदलांची संख्या दोनशेच्या वर गेली. मात्र त्यांतील बहुतेकांचा एकेकट्याचा प्रभाव अत्यल्प आहे.

समरूप जुळ्यांचा दाखला याहून बोलका आहे. दोघांची जनुके सारखीच; तरीही एकाला विकार झाल्यास दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारणपणे चारांत एक एवढीच असते. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात एपस्टाईन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसले. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, पण विकार मोजक्यांनाच होतो. म्हणजेच जनुके जमीन तयार करतात. ठिणगी बाहेरून पडते.

भारतापुढील प्रश्न वेगळाच आहे. वरील जनुकीय निष्कर्ष मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आले आहेत. मुंबईतील पारशी समाजात हा विकार इतरांपेक्षा अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत. देशातील सर्व समाजांना एकच माप लावता येत नाही, हेच त्यातून दिसते. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली केली, हे स्वागतार्हच. मात्र ती तुलनेचा पाया ठरेल. उत्तरे मिळण्यासाठी भारतीय रुग्णांचे नमुने अभ्यासात यावे लागतील.

तोवर लाळेचा नमुना पाठवून मिळणाऱ्या ‘धोक्याच्या’ अहवालाने घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि निर्धास्त होण्याचेही नाही. निदान होते ते मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी, एमआरआय आणि गरजेनुसार पाठीच्या कण्यातील द्रवाच्या चाचणीतून. उपचार लवकर सुरू झाल्यास विकाराचे झटके कमी होतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये या विकाराला स्थान आहे. परंतु दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती येते ते हानी झाल्यावर. ती हानी टाळायची, तर वेळेवर एमआरआय आणि परवडणारी औषधे मिळणे ही पहिली गरज आहे.