रात्रीपुरते घर

दिवसभर खेळून दमलेले मूल तिन्हीसांजेला आईच्या कुशीत शिरते आणि निर्धास्त झोपी जाते. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातील बालकांना अशी रात्र दुर्लभ होती. दिवस मावळला की त्यांच्या मातांचा देहविक्रयाचा व्यवसाय सुरू होई. खोली एकच, खाटही एकच. मुलाला खाटेखाली निजवावे किंवा गल्लीत सोडून द्यावे, याहून निराळा मार्ग त्या मातेपुढे क्वचितच असे. गल्लीत दलाल, मद्यपी आणि गिऱ्हाइके यांची वर्दळ. तेथे मुलीला बालपण किती काळ लाभणार?

समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या प्रीती पाटकर यांनी या वस्तीत आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकाच रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या पाहिल्या. ही साखळी नातीपाशी तरी तुटावी, या ध्यासातून १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ संस्था उभी राहिली. १९८८ मध्ये संस्थेने कामाठीपुऱ्यातच मुलांसाठी रात्रीचे संगोपन केंद्र सुरू केले. संकट रात्रीचे होते, म्हणून उपायही रात्रीचाच योजला गेला. मुलाने सायंकाळी तेथे यावे, पोटभर जेवावे, अभ्यास करावा आणि निर्भयपणे झोपावे, इतकी ही साधी योजना होती.

साधी असली तरी तिचा पाया विश्वासाचा होता. ‘या बायकांना मुलांची काय पर्वा!’ असे म्हणणे समाजाला सोपे जाते. कार्यकर्त्यांनी मात्र मातेला दोषी न ठरवता सहकारी मानले. आपले भोग लेकीच्या वाट्याला येऊ नयेत, ही तळमळ त्या मातेच्या मनात होतीच. तिला हवा होता केवळ विश्वासाचा हात. मातेने मूल सोपवावे आणि कार्यकर्तीने ते जपावे, अशा सहकार्यावर हे काम उभे राहिले. पुढे शिक्षणाचे साहाय्य आणि गरजेनुसार वसतिगृहाची व्यवस्था यांचीही त्याला जोड मिळाली.

असुरक्षित रात्र काही कामाठीपुऱ्यापुरतीच नसते. प्रतिष्ठित वस्तीतही मद्यपी पित्याच्या भीतीने जागे राहणारे मूल असते; कामासाठी परक्या घरी ठेवलेली बालिका असते; ओळखीच्याच माणसाच्या सावलीला घाबरणारी एखादी मुलगी असते. ‘घरातली गोष्ट घरातच राहू द्या’ या सल्ल्याने अब्रू झाकली जाते, पण मूल उघड्यावर पडते.

अशा वेळी शेजारच्या चार स्त्रिया एकत्र आल्या तर पुष्कळ काही घडू शकते. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, त्याच्या नावाची चर्चा होऊ देऊ नये. १०९८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य साहाय्य मागता येते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हे कर्तव्य एकटीला जड वाटते. चौघी सोबत असल्या म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे बळ येते. आणि मुलाची आईच भयाने मूक झाली असेल, तर तिलाही सोबत घ्यावे. तिला आधार मिळाला, तर मुलाच्या बाजूने उभी राहणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच असेल.